आधी धारेमागची जाडी बघा, स्टीलचं नाव नंतर

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. रोज खिशात ठेवायला एकच फोल्डिंग चाकू घ्यायचा आहे. दर्जेदार हवा, वर्षानुवर्षं टिकायला हवा. कामं म्हणजे पार्सलची खोकी उघडणं आणि नंतर ती फाडून सपाट करणं, दोरी आणि प्लॅस्टिकचे पट्टे कापणं, कधी एखादं फळ, कधी वायरचं आवरण सोलणं. पात्याचं स्टील एस३०व्ही, एम३९० की मॅग्नाकट, इथे तुमचं घोडं अडलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एका ओळीत लिहिलंय की तुम्ही डावखुरे आहात आणि धार लावायला अजून हात बसलेला नाही.

ती शेवटची ओळ पहिली असायला हवी होती.

गेली बावीस वर्षं मी चाकू-सुऱ्यांना धार लावतो आणि फोल्डिंग चाकू दुरुस्त करतो. स्टील हलकं निघालं म्हणून माझ्या बाकावर आलेले महागडे चाकू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे ठरलेल्या कारणांनी येतात. धार गेलीय आणि मालकाला ती परत आणता येत नाही. टोक मोडलंय, कारण त्याने डब्याचं झाकण उचकटलं. लॉक, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी सोय, नीट बसत नाही. किंवा घरी खोलून बघायच्या नादात स्क्रूची डोकी खाल्ली गेली आहेत. यातल्या एकाही दुखण्यावर भारी स्टील हा इलाज नाही. तुम्हाला असा चाकू शोधायचाय, जो रोज बरोबर न्यावासा वाटेल, डाव्या हातात बिनघोर उघडेल-मिटेल आणि बोथट झाला की तुम्ही स्वतः पुन्हा कामाचा करू शकाल. स्टीलचा नंबर त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. पहिली म्हणजे कायदा. तो जागोजागी इतका वेगळा आहे की सरसकट सल्ला देणं चूक ठरेल. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, मिटणारा आणि धारेची लांबी ३ इंचांपर्यंत असलेला चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. त्याच मापाच्या चाकूला लॉक असलं की सगळा हिशेब बदलतो. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगता येत नाही. म्हणजे पात्याची लांबी, लॉक आणि उघडायची पद्धत, तिन्हीवर नियम असू शकतात. तुम्ही राहता तिथले आणि प्रवासात जाता तिथले नियम आधी वाचा आणि मगच पुढचं ठरवा. विमानप्रवासात हातातल्या सामानात चाकू ठेवू नका. माझा एक फार लाडका चाकू बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात विसरला होता, तो तपासणीच्या टेबलावरच राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाची जागा. धूळ, वाळू, खारं पाणी, घाम यांतलं काय जास्त, त्यावर बरंच ठरतं. तुम्ही लिहिलेल्या कामांवरून मी कोरडी, घरातली किंवा गोदामातली जागा धरून चाललोय. समुद्रकाठी काम असेल तर खाली स्टीलच्या भागात एक फाटा फुटतो, तो तिथे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. पातं म्हणजे शेवटी एक पाचर आहे. अगदी पुढची कड पुठ्ठ्याचे तंतू तोडते, पण मागून येणारी जाडी त्या चिरेतून पुढे सरकावी लागते. ती जाडी जास्त असेल तर धार कितीही तेज असो, हाताला जोर लागतो आणि चाकू कापायच्या ऐवजी फोडत जातो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ नवाकोरा, दणकट चाकू घेऊन आले. तक्रार एकच, ‘धार नाही.’ मी हातावरचा केस कापून बघितला, सरकन गेला. मग दुहेरी पुठ्ठा घेतला, तर पातं मधेच रुतून बसलं. पाठ चार मिलिमीटर जाड होती आणि धारेच्या लगेच मागे जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. शेजारी माझा रोजचा ओपिनेल कंपनीचा चाकू पडला होता, लाकडी मुठीचा, पातळ पात्याचा, स्टील अगदी साधं. त्याने तोच पुठ्ठा कागदासारखा कापला. गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या चाकूचं स्टील ओपिनेलच्या कितीतरी वरचं होतं, घडण मात्र पुठ्ठ्यासाठी केलेली नव्हती. धारेमागचं धातू घासून पातळ केल्यावर तोच चाकू सुधारला, पण त्यात माझे दोन तास गेले आणि पात्यावरची मूळ झिलई गेली ती गेलीच.

म्हणून दुकानात किंवा फोटोत बघायची पहिली गोष्ट म्हणजे पाठीची जाडी आणि धारेमागची जाडी. तुमच्या कामांना पाठ दोन ते तीन मिलिमीटर पुरे. धारेच्या लगेच मागे ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर चाकू छान कापतो, ०.७ च्या पुढे गेलं की पुठ्ठ्यात जाणवायला लागतं. हे माप कंपन्या क्वचितच छापतात, पण डोळ्याने अंदाज येतो. पात्याच्या कडेला जी बारीक चकचकीत पट्टी दिसते, तिची रुंदी बघा. दर बाजूला २० अंशाचा कोन धरला तर अर्धा मिलिमीटर जाडीवर ती पट्टी साधारण पाऊण मिलिमीटर रुंद दिसते आणि एक मिलिमीटर जाडीवर जवळजवळ दीड. म्हणजे दोन चाकू शेजारी ठेवले आणि कोन सारखाच असला, तर ज्याची पट्टी अरुंद तो पातळ. इतकं सोपं परीक्षण आहे, पण शंभरातले नव्वद लोक पात्यावर कोरलेलं स्टीलचं नाव वाचण्यात गुंग असतात.

पातं घासण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत आलेलं पातं सगळ्यात सर्वगुणी. बाजूंनी किंचित खोलगट घासलेलं पातं पुढच्या भागात फार पातळ असतं, टेप आणि दोरीला झकास. जाड वस्तूत मात्र खोलगट भाग संपून जाडी सुरू होते तिथे अडखळतं. अर्ध्या रुंदीपर्यंत जाड ठेवून मग उतरवलेलं पातं दिसायला दणकट, पण खोक्यांसाठी मी ते घेणार नाही.

पातळपणाची किंमत असतेच. पातळ धार बाजूच्या जोराने दुमडते किंवा तिची कपची उडते, आणि पातळ टोक उचकटायला वापरलं की मोडतं. माझ्याकडे टोक मोडून आलेले चाकू जवळजवळ सगळे उचकटण्याने मोडलेले होते, कापण्याने मोडलेला एखादाच. झाकणं उघडायची, खिळे उपटायची सवय असेल तर एक छोटा चपटा पेचकस जवळ ठेवा. त्यासाठी जाड पात्याचा चाकू घेणं म्हणजे वर्षातून चारदा येणाऱ्या कामासाठी रोजच्या कामाला शिक्षा देणं.

पात्याचा आकार लवकर उरकतो. पाठ हलकेच खाली उतरून टोकाला मिळते तो आकार सगळ्या कामांना चालतो. खोकी हेच मुख्य काम असेल तर सरळ धारेचा, टोक खाली झुकलेला आकारही विचारात घ्या. आतल्या वस्तूवर टोक कमी लागतं आणि सरळ धार दगडावर लावायला नवशिक्याला सोपी जाते. आत-बाहेर वळण घेणारी धार टाळा, सपाट दगडावर ती लागत नाही. दातेरी धारही टाळा. दोरीला ती उत्तम, पण प्रत्येक दात निमुळत्या कांडीने वेगळा घासावा लागतो आणि तुम्ही आत्ताच म्हणताय की हात बसलेला नाही. मुठीजवळ जिथे धार संपते तिथे एक छोटी खाच असेल तर चांगलं. ती नसली की धारेचं मुळाकडचं टोक दगडावर येत नाही आणि काही वर्षांत तिथे उंचवटा राहतो.

आता लॉक, कारण डावखुऱ्या माणसाची खरी परीक्षा इथे होते.

मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते, ते लायनर लॉक. आज दिसतं तसं ते चाकू घडवणारे मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. आतल्या पट्टीऐवजी मुठीचाच एक भाग टेकू देतो ते फ्रेम लॉक, क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या चाकूमुळे गाजलेलं. दोन्ही भक्कम, दोन्ही साधी, आणि दोन्ही बहुतेक वेळा उजव्या हातासाठी बांधलेली. उजव्या हाताचा अंगठा सहज पट्टीवर येतो आणि तिला बाजूला ढकलतो. डाव्या हातात अंगठा उलट बाजूला असतो, म्हणून ती पट्टी तर्जनीने ढकलावी लागते. सरावाने जमतं, माझे दोन डावखुरे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तसंच करतात. पण नव्याने घेताना ही कसरत मुद्दाम कशाला विकत घ्यायची? काही कंपन्या डाव्या हाताची वेगळी आवृत्ती काढतात, ती मिळाली तर प्रश्नच मिटला.

दोन्ही हातांना सारखी दोन लॉकं आहेत. एक म्हणजे पाठीवरचं, लॉकबॅक: मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते, ती मधोमध असल्याने डावा-उजवा भेद नाही. बक कंपनीचा १९६४ चा ११० हा चाकू याच जातीचा. दोष इतकाच की मिटवताना बोटांची जागा थोडी सांभाळावी लागते आणि पात्याला वर-खाली किंचित खेळ राहू शकतो. दुसरं आडव्या दांडीचं लॉक: मुठीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी एक बारीक दांडी मागे ओढली की पातं मोकळं होतं. बेंचमेडने १९९८ मध्ये ‘अ‍ॅक्सिस’ नावाने ते आणलं आणि आता अनेक कंपन्या तेच तत्त्व वापरतात. बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, डाव्या हाताला कुठलीच अडचण नाही. आत दोन नाजूक स्प्रिंगा असतात, त्यांतली एखादी क्वचित तुटते. दुसरी तोवर काम निभावते, आणि बदलणं अवघड नाही. मी तुमच्या जागी असतो तर हेच लॉक घेतलं असतं. ओपिनेलचं फिरतं कडं, जे १९५५ पासून आहे, तेही हाताचा भेद मानत नाही, पण तो चाकू उघडायला दोन हात लागतात आणि नख अडकवायची खाच पात्याच्या एकाच बाजूला असते. खाचेची हीच गोष्ट स्विस आर्मी चाकूंची. व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू मला फार आवडतात, पण माझे डावखुरे गिऱ्हाईक त्या खाचेवरून हमखास कुरकुरतात.

उघडायच्या सोयीतही हे बघाच. पात्याला दोन्ही बाजूंनी अंगठ्याने ढकलायची बोंडं किंवा आरपार गोल भोक असावं. स्पायडरकोने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असा चाकू आणला, आणि त्या भोकाचा डावखुऱ्यांना आयता फायदा झाला. क्लिपही मुठीच्या दुसऱ्या बाजूला लावता येते का, ते स्क्रूची भोकं बघून ठरवा. वर्णनात ‘दोन्ही हातांसाठी’ लिहिलेलं असतं आणि क्लिपची भोकं एकाच बाजूला असतात, असे चाकू मी बघितलेत.

लॉक चांगलं आहे की नाही, हे हातात घेऊन असं बघा. पातं पूर्ण उघडा. मुठीला धरून पात्याच्या पाठीवर तळहाताने सावकाश, वाढता दाब द्या. बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. लॉक सरकता कामा नये. पाठ टेबलावर आपटून बघणारे लोक असतात, तसं करू नका, चांगल्या लॉकचीही त्याने वाट लागते. मग पातं डावी-उजवीकडे हलवा, नंतर वर-खाली. डावी-उजवीकडचा खेळ बहुधा पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा स्क्रू आवळला की जातो. वर-खाली खेळ असेल तर दोष लॉकच्या बसण्यात आहे, तो स्क्रूने जात नाही. लॉकबॅक सोडून इतर कुठल्याही चाकूत तो दिसला तर परत ठेवा. लायनर किंवा फ्रेम लॉक असेल तर पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण पहिल्या तिसऱ्या भागात टेकलेली असावी. वापराने ती हळूहळू पलीकडे सरकत जाते. नव्या चाकूतच ती दुसऱ्या कडेला पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही.

त्यानंतर चाकू मिटवा आणि तोंड खाली करून दोनदा झटका. पातं बाहेर डोकावायला नको. ही परीक्षा लोक विसरतात, आणि खिशातल्या चाकूसाठी मला ती लॉकइतकीच महत्त्वाची वाटते. टोक वर करून क्लिपला लावलेला चाकू खिशात अर्धवट उघडला तर हात थेट धारेवर जातो. पात्याची पाठ खिशाच्या शिवणीला टेकून राहील असा चाकू अडकवला की तो उघडायला जागाच मिळत नाही. डाव्या खिशासाठी क्लिप बदलताना हे एकदा तपासून घ्या.

लॉक म्हणजे मिटायचा अपघात टाळणारी सोय, एवढंच. कितीही भारी लॉक असलं तरी मिटणाऱ्या चाकूचा सांधा हा त्याचा कमकुवत भागच राहणार. लाकडात पातं ठोकणं, बाजूने पिळणं ही त्याची कामं नाहीत.

मापाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. धार सात ते आठ सेंटिमीटर पुरे. वजन शंभर ग्रॅमच्या आत, जमलं तर पंच्याहत्तरच्या आत. बक ११० देखणा आहे, पण त्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या घरात. तो पट्ट्याला म्यानात अडकवायचा चाकू आहे. उलट बेंचमेडचा बगआउट सव्वाआठ सेंटिमीटर पातं घेऊनही बावन्न ग्रॅमच्या आसपास बसतो. पहिल्या आठवड्यात मोठ्या चाकूचं कौतुक असतं, महिन्याने तो ड्रॉवरमध्ये जातो. मूठ मात्र बोटांना पुरेशी हवी. चारही बोटं मावून करंगळी लोंबकळत नाही एवढं बघा, आणि दोन मिनिटं घट्ट धरून पुठ्ठा कापल्यासारखा हात फिरवा. क्लिप तळव्यात रुतते की नाही ते तेव्हाच कळतं.

मुठीच्या साहित्यावर जास्त वेळ घालवू नका. काचतंतू मिसळलेलं नायलॉन, जी१० (काचतंतूचं कापड आणि राळ), मायकार्टा (कापड किंवा कागद आणि राळ), अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, सगळी चालतात. क्लिपखालचं जी१० फार खरखरीत असेल तर पँटच्या खिशाची कड वर्षभरात विरते, एवढी एकच गोष्ट मी सांगीन. लाकूड सुंदर, पण ओल लागली की फुगतं आणि पातं जड चालायला लागतं. सांध्याचं म्हणाल तर बेअरिंगवरचं पातं लोण्यासारखं फिरतं, पण धूळ-वाळू बेअरिंगमध्ये लवकर शिरते. पितळी रंगाच्या फॉस्फर ब्राँझ वॉशरवरचं पातं थोडं सावकाश फिरतं आणि घाण सहन करतं. गोदामातल्या पुठ्ठ्याच्या भुश्यात वॉशर बरे.

आता तुमचा लाडका विषय, स्टील.

स्टीलकडून आपण चार गोष्टी मागतो: धार जास्त दिवस टिकावी, कपची उडू नये, गंज लागू नये आणि धार लावायला सोपी जावी. चारही एकदम पूर्ण मिळत नाहीत. धार टिकवणारे कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि दुसऱ्या धातूच्या संयुगाचे, कठीण कण हे काँक्रीटमधल्या खडीसारखे असतात: झीज कमी करतात, पण खडी जास्त आणि जाडी झाली की कडा ठिसूळ होतात आणि दगडाला घासायला त्रास देतात. एस३०व्ही आणि एम३९० या दोन्हींत साधारण चार टक्के व्हॅनेडियम आहे, आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात. म्हणजे साध्या दगडावर तुम्ही तासभर घासत बसाल, हात दुखेल, कोन ढळेल आणि वैतागून चाकू ठेवून द्याल. हिऱ्याची प्लेट असेल तर हेच काम पंधरा मिनिटांचं. पुठ्ठा धार फार खातो हे खरं, त्यामुळे ही स्टीलं तुम्हाला जास्त दिवस पुरतील हेही खरं. पण ‘जास्त दिवसांनी’ का होईना, धार लावायची वेळ येतेच.

मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं स्टील २०२१ मध्ये बाजारात आलं आणि त्याची कीर्ती बरीचशी रास्त आहे. त्यातली युक्ती मजेशीर आहे. गंजरोधक स्टीलमध्ये क्रोमियम भरपूर घालतात, पण त्यातलं बरंच मोठ्या कार्बाइडमध्ये अडकून पडतं. ते गंजही रोखत नाही आणि चिवटपणाही घालवतं. मॅग्नाकटमध्ये क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के आहे, पण कार्बाइडमध्ये जवळजवळ अडकत नाही, म्हणून सगळं गंज रोखायच्या कामी येतं. याच्या उलट उदाहरण डी२ या स्टीलचं: क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असूनही त्याचा मोठा हिस्सा कार्बाइडमध्ये जातो, म्हणून घामट खिशात त्यावर ठिपके पडतात. खाऱ्या पाण्याजवळ काम असेल तर डी२ आणि साधी कार्बन स्टीलं टाळा आणि मॅग्नाकटकडे वळा; मघाशी म्हटलेला फाटा तो हा.

तरीही तुम्हाला, आज, माझा सल्ला १४सी२८एन किंवा त्याच पठडीतल्या बारीक कणांच्या स्टीलचा आहे. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम चौदा, थोडं नायट्रोजन. पातळ धार सहन करतं, गंजाला दाद देत नाही आणि कुठल्याही दगडावर दहा मिनिटांत वस्तऱ्यासारखं होतं. एम३९० इतकी धार टिकणार नाही. पण आठवड्यातून एकदा पाच मिनिटं देणाऱ्या माणसाचा १४सी२८एन चाकू हा वर्षभर दगड न बघितलेल्या एम३९० पेक्षा कायम जास्त तेज असतो. हे मी बाकावर रोज बघतो.

आणि नावापेक्षा पाणी मोठं. स्टील तापवून, थंड करून, पुन्हा बेताने तापवून त्याला कठीणपणा आणि चिवटपणा देण्याला आमच्याकडे पाणी देणं म्हणतात, आणि त्यात ढिलाई झाली तर भारी नावाचं पातंही मऊ निघतं. बक कंपनी अनेक चाकूंना ४२०एचसी हे साधंच स्टील वापरते, पण पॉल बॉस यांनी बसवलेल्या पाणी देण्याच्या पद्धतीमुळे ते पातं नावाच्या मानाने कितीतरी चांगलं चालतं. म्हणून कंपनी रॉकवेल कठीणपणा (आकडा जितका मोठा तितकं स्टील कठीण) जाहीर करते का, ते बघा. १४सी२८एनला ५८ ते ६१ हा पल्ला ठीक. व्हिक्टोरिनॉक्स ५६ च्या आसपास ठेवते. धार लवकर उतरते, पण चिनीमातीच्या कॉफी-मगच्या बुडावरही लावता येते. हे मी चेष्टेने म्हणत नाही, मगचा खालचा झिलई नसलेला खरबरीत काठ खरोखर चालतो.

धार लावण्याचं साहित्य चाकूबरोबरच घ्या. एक दोन बाजूंची हिऱ्याची प्लेट, एक बाजू ३००–४०० ग्रिट, दुसरी ६००–१००० (ग्रिटचा आकडा मोठा तितके कण बारीक), आणि लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा. चाकूच्या पैशातून हे निघत नसेल तर एक पायरी खालचा चाकू घ्या. धारेच्या पट्टीवर मार्करची शाई फासा आणि दोन फेऱ्या मारा: शाई फक्त पाठीकडच्या बाजूला निघाली तर कोन फार लहान, फक्त कडेला निघाली तर फार मोठा. सगळीकडे सारखी निघेपर्यंत हात जुळवा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड, म्हणजे बर, पूर्ण लांबीभर आली की मगच बाजू बदला. नवशिके इथेच घाई करतात. बर यायच्या आधी बाजू बदलतात आणि मग ‘दगड चांगला नाही’ म्हणतात. शेवटी हलक्या हाताने बर काढा आणि चामड्यावर पाठीकडे ओढत दहा-बारा हात मारा. पुठ्ठा आणि दोरीसाठी आरशासारखी धार करू नका, ६०० ग्रिटची थोडी खरबरीत धार जास्त चावते.

एक सावधगिरी: नव्या चाकूची पहिली धार लवकर गेली म्हणून स्टीलला दोष देऊ नका. कारखान्यात पट्टा-मशिनवर काढलेली कडेची पातळ रेघ कधीकधी तापून नरम पडलेली असते. दोन-तीनदा दगडावर गेली की खालचं ताजं धातू उघडं होतं आणि तोच चाकू वेगळा वागायला लागतो.

नकली मालाबद्दलही सांगायला हवं, कारण तुम्ही नावाजलेल्या कंपनीचा चाकू बघताय. गाजलेल्या मॉडेलांच्या नकला इतक्या हुबेहूब असतात की फोटोवरून मलाही ओळखता येत नाहीत. लॉकची बसणी आणि पाण्यातला कच्चेपणा वापरल्यावरच कळतो. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यातल्याकडूनच घ्या. भाव फारच उतरलेला दिसला की समजून जा.

तर तुमच्यापुरतं: आडव्या दांडीचं लॉक किंवा लॉकबॅक, दोन्ही बाजूंनी लागणारी क्लिप, आरपार भोक किंवा दोन्हीकडे बोंडं, सात-आठ सेंटिमीटर पातं, पाठ तीन मिलिमीटरच्या आत, धारेची अरुंद पट्टी, १४सी२८एन सारखं स्टील, ब्राँझ वॉशर, आणि सोबत हिऱ्याची प्लेट. यातलं काही सोडावंच लागलं तर वॉशर सोडा, स्टील सोडा. धारेच्या पट्टीची रुंदी आणि लॉक सोडू नका. वर्षभराने हात बसला आणि धार आणखी टिकावी असं वाटलं, तर त्याच घडणीत मॅग्नाकट शोधा.

चाकू आल्यावर लगेच खोलू नका. काही कंपन्या खोललेल्या चाकूची हमी नाकारतात, आणि स्क्रू बहुधा टी६ किंवा टी८ मापाचे टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, असतात; स्वस्त पान्याने त्यांचं डोकं पहिल्याच झटक्यात गोल होतं. सांधा जड वाटला तर एक थेंब तेल टाका आणि पन्नासेकदा उघड-मीट करा, बहुतेक वेळा तेवढ्यात मोकळा होतो. क्लिप डावीकडे लावायला स्क्रू काढावेच लागतील. ते घट्ट असतील तर जोर लावू नका. कारखान्यात बहुधा निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावलेलं असतं. पान्याचं टोक स्क्रूत बसवून सोल्डरिंग आयर्नने स्क्रू अर्धा मिनिट तापवला की तो मुकाट्याने फिरतो. नायलॉनची मूठ असेल तर त्याहून जास्त वेळ तापवू नका.

दोन-तीन मॉडेल निवडलीत की पातं उघडून टोकाकडून घेतलेला एक फोटो आणि बाजूने धारेची पट्टी दिसेल असा दुसरा पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. धारेमागे किती जाडी असेल ते सांगतो.